आवडती पुस्तकं, रेकॉर्डी, कॅसेटी आणि नागपूरचा कूलर

कूलरपीडित
नवतपा (मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) तोंडावर आला आणि घरात कूलरची खोली एकच. आवडीचं सगळं त्याच खोलीत आहे: दोनशेच्या आसपास पुस्तकं (निम्मी कविता, बाकी कादंबऱ्या आणि दिवाळी अंक), चाळीस एलपी, दहा-बारा ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या, सत्तर कॅसेटी, व्हीसीडीचा एक डबा. वरचा मजला, डोक्यावर उघडा स्लॅब. प्रश्न दोन. हे सगळं एका खोलीत नांदेल का? आणि सगळं वाचवणं जमणार नसेल तर आधी काय घ्यायचं? "जे जास्त आवडतं ते आधी" असं उत्तर नको, आवडतं म्हणूनच तर ढीग झाला. किती, कशात, कसं ते सांगा.

बर्डीकर
कडुनिंबाचा पाला टाका कपाटात अन् निवांत झोपा भाऊ. इतकं टेन्शन काऊन घेऊन राहिले?

खसताटी
बर्डीकर, पाल्याकडे येतोच, आधी कूलर.

नुसता मे महिना पुस्तकांना वाटतो तितका वाईट नाही. बाहेर ४५ अंश असताना दुपारी हवेतली आर्द्रता १५-२० टक्क्यांपर्यंत उतरते. एवढ्या कोरड्यात बुरशी धरत नाही आणि कसरीलाही (कागद खाणाऱ्या किडीला) जमत नाही. कूलर सुरू झाला की त्याच खोलीत आकडा ६०-७०वर जातो, बंद केला की पुन्हा खाली. कागद रोज फुगतो, रोज आक्रसतो. पुस्तकाच्या पाठीचा गोंद या ओढाताणीत तडकतो. मग पाऊस लागला की बाहेरच ८०-८५, आणि ते सप्टेंबरपर्यंत.

म्हणून खोलीची मांडणी अशी:

कूलर खिडकीच्या बाहेर हवा आणि त्याच्या समोरचं दार किंवा खिडकी निदान वीतभर उघडी. आत आलेल्या वाऱ्याला बाहेर पडायला वाट नसेल तर खोलीचं ओलं पिंप होतं. माणसालाही चिकचिक होते, पुस्तकांना तर होतेच.

कपाट झोताच्या रेषेत नको. पश्चिमेच्या भिंतीला नको, ती रात्री दहापर्यंत तापलेली असते. भिंतीपासून चार बोटं पुढे, जमिनीपासून अर्धा फूट वर. माळ्यावर तुमच्या यादीतलं काहीही ठेवू नका. उघड्या स्लॅबखाली घरातली सगळ्यात गरम जागा तीच.

साधा डिजिटल आर्द्रतामापक आणा, पण त्याच्यावर लगेच विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, त्यात पाण्याचे चार-पाच थेंब टाका. मीठ ओलं व्हायला हवं, विरघळायला नको. झाकण आणि मापक झिपच्या पिशवीत बंद करून दहा-बारा तास ठेवा. आत बरोबर ७५ टक्के आर्द्रता होते. मापकानं ७१ दाखवलं तर त्याच्या आकड्यात चार मिळवून वाचायचं.

कपाटाच्या आत ४५ ते ५५ असू द्या. ६५च्या वर आठवडाभर राहिलं की बुरशीचा पहिला वास येतो. पावसाळ्यात सिलिका जेल लागते, पण बहुतेक जण ती फटी असलेल्या लाकडी कपाटात टाकतात. दोन दिवसांत ती भरून जाते आणि पुढचे तीन महिने नुसती पडून राहते. जेल फक्त रबरी कडा असलेल्या घट्ट डब्यात कामाची. पन्नास लिटरच्या डब्याला पाव किलो पुरे. दाण्यांचा रंग पालटला की ओव्हनमध्ये ११० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरायची.

आता कडुनिंब. सावलीत कडकडीत वाळवलेला असेल तर ठेवा, अपाय नाही. ओलसर पाला ठेवणं म्हणजे कपाटात पाणी ठेवणं. आणि आत आधीच कसर असेल तर पाला तिला काढत नाही.

बर्डीकर
बरं, पाला गेला. डांबर गोळ्या तरी चालतात का नाही?

रिवाइंड
कॅसेटींच्या कपाटात बिलकुल नाही. त्या वाफेनं कॅसेटीच्या पारदर्शक डब्या मऊ होतात, चिकटतात. माणसाच्या फुप्फुसालाही ती वाफ वाईट, आणि झोपायची खोली तीच आहे.

जुजबंदी
पुस्तकांपुरतं माझं.

कसर दिसली तर औषध मारू नका, फ्रीझर वापरा. पुस्तक कोरडं असलं पाहिजे, ओलं नाही. झिपच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, उणे १८वर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही. लोक इथंच चुकतात. थंड पुस्तक लगेच उघडलं की हवेतलं पाणी पानांवर जमतं, आणि किडीतून सुटलेलं पुस्तक बुरशीत सापडतं. पिशवी बंद असेल तर ते पाणी बाहेरच्या बाजूनं जमतं. मध्ये वीज बराच वेळ गेली आणि फ्रीझर वितळला तर दोन आठवडे पहिल्यापासून मोजा. वाळवी असेल तर मात्र फ्रीझरचं काम नाही. ती भिंतीतून येते, आधी भिंतीचा बंदोबस्त.

कवितासंग्रह बहुधा पातळ आणि गोंदाच्या पाठीचे असतात. मे महिन्यात असं पुस्तक सपाट उघडून उलटं टेबलावर ठेवलं की पाठ फुटते आणि मधली पानं सुटून हातात येतात. तेवढे दोन महिने पुस्तक काटकोनाच्या पुढे उघडू नका.

फाटक्या पानाला सेलोटेप लावायची नाही. आपल्या उन्हात तिचा चिकट पदार्थ पाझरून शेजारच्या पानाला धरतो, नंतर फिल्म गळून पडते आणि पिवळा डाग तेवढा उरतो. मैद्याची खळ करा: एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, गाठी न होऊ देता मंद आचेवर अर्धपारदर्शक होईपर्यंत. पातळ टिश्यू कागदाची पट्टी कात्रीनं न कापता ओल्या बोटानं फाडायची. तिचे तंतू मोकळे राहतात आणि जोड दिसत नाही. वर बटर पेपर, त्यावर जाड शब्दकोश, एक रात्र.

बांधणीला देणार असाल तर दुकानात दोन वाक्यं आधी बोला. पहिलं: "कटिंग करायची नाही." न सांगता दिलं तर तिन्ही कडा कटरखाली जातात, समास संपतो, पेन्सिलीनं लिहिलेल्या टिपा अर्ध्या उडतात. दुसरं: "जुजबंदी करा, वरून टोचून शिवू नका." वरून टोचलेलं पुस्तक मजबूत असतं पण उघडत नाही, आतल्या बाजूचे शब्द शिलाईत जातात. जुजबंदीत प्रत्येक फर्मा (एकत्र घडी घातलेल्या पानांचा गठ्ठा) घडीतून शिवला जातो. वेळ जास्त लागतो, पैसे जास्त पडतात. ज्या पुस्तकाची पानं सुटी आहेत, म्हणजे पाठ आधीच कापून गोंद लावलेला आहे, त्याला जुजबंदी होत नाही. तिथं हट्ट करू नका.

दीक्षाभूमीवरच्या स्टॉलांवरून आणलेल्या पातळ पुस्तिका असतील तर त्या आधी बघा. त्यांना तारेच्या पिना असतात. पावसाळ्यात पीन गंजते आणि गंज भोवतीचा कागद खातो, मधलं पान दोन भोकांपाशी तुटतं. पिनेचे पाय मागून नखानं किंवा बोथट सुरीनं सरळ करा, पीन पुढून ओढा, त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा घालून गाठ आतल्या बाजूला मारा. एका पुस्तिकेला पाच मिनिटं. यातल्या बऱ्याच पुन्हा छापल्या जात नाहीत.

खसताटी
खळीत मोरचूद घालायचा की नाही? बाइंडर चिमूटभर घालतात.

जुजबंदी
घालतात, किडीसाठी. पण तांब्याचा अंश कागदाला पुढे तपकिरी आणि ठिसूळ करतो. पुठ्ठ्याला लावायच्या खळीत असेल तर मी दुर्लक्ष करीन, पानांना लावायच्या खळीत नको. ताजी खळ करा आणि दोन दिवसांत संपवा.

तबकडी७८
एलपी आणि ७८ हे दोन वेगळे प्राणी आहेत. एका पिंजऱ्यात ठेवू नका.

७८ची जुनी तबकडी लाखेची. आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडे पळसावर लाख धरतात ना, तीच, खनिज भुकटी मिसळून. ठिसूळ असते, पडली की गेली. स्पिरिट किंवा कुठलाही अल्कोहोल तिला लावायचा नाही, लाख विरघळते. एलपी विनाइलची, वाकते पण फुटत नाही. तिला अल्कोहोल थोडा चालतो, ७८ला थेंबही नाही. दोन्हींच्या धुण्याच्या द्रवाच्या बाटल्यांवर मार्करनं नावं लिहा.

धुण्यासाठी: एक लिटर डिस्टिल्ड पाणी, वास नसलेल्या भांडी धुण्याच्या लिक्विडचे तीन थेंब. मऊ ब्रश खाचेच्या दिशेनं गोल फिरवायचा, आडवा नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं दोनदा. मधल्या कागदी लेबलाला पाणी लागू देऊ नका. बोअरचं पाणी वापरायचं नाही. कूलरच्या घासवर आणि टाकीच्या काठावर जो पांढरा पापुद्रा धरतो, तोच तुमच्या खाचेत बसतो आणि सुईला प्रत्येक फेरीत भेटतो.

ठेवायच्या उभ्या, पुस्तकांसारख्या, आणि खरंच उभ्या. तिरक्या रेललेल्या एलपी नवतप्यात वाकतात. आडव्या रचल्या तर खालच्या दबतात. कव्हरसकट एक एलपी पाव किलोच्या आसपास, म्हणजे तुमच्या चाळीस मिळून दहा किलो. तेवढं वजन पेलणारा कप्पा आणि दर वीसेक एलपींमागे एक आडोसा. विनाइल ६०-७० अंशांत मऊ पडतं. खोली तिथवर जात नाही, पण उन्हात उभी केलेली बंद गाडी सहज जाते. बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) रेकॉर्ड घेतली तर ती गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका.

बाहेरून घालायच्या मऊ, चकचकीत प्लास्टिकच्या पिशव्या बहुतेकदा पीव्हीसीच्या असतात. उष्णतेत त्यातलं तेलकट द्रव्य विनाइलवर उतरतं आणि धुकट डाग पडतो. तो धुऊन जात नाही. पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीन मागा.

बर्डीकर
वाकलेली एलपी दोन काचांमध्ये घालून गच्चीवर ठेवली तर? ऊन तं फुकटच आहे.

तबकडी७८
म्हणूनच धोका. काचेखालचं ऊन किती चढेल त्यावर तुमचा ताबा नाही. वाक निघतो आणि खाचेतला बारीक नक्षीदार भागही बसतो, मग तारसप्तक भरड वाजतं. काचा बरोबर आहेत: ५-६ मिलिमीटर जाडीच्या, १४ इंच चौरस, स्वच्छ. पण ठेवा सावलीतल्या गरम खोलीत, वर चार-पाच किलो, तीन-चार आठवडे. हलका वाक निघेल. बशीसारखी झालेली निघणार नाही.

वाजवण्याबद्दल तीन गोष्टी, मग थांबतो.

सुईचा दाब. मॅग्नेटिक कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या डबीला) दीड ते दोन ग्रॅम. जुन्या सिरॅमिकवाल्या पेटी-प्लेअरला चार-सहा ग्रॅम. "कमी दाब म्हणजे कमी झीज" हे चूक आहे. दाब कमी पडला की सुई खाचेत आपटत चालते आणि जास्त खोडते. ७८ला वेगळी सुई, टोक साधारण ७० मायक्रॉनचं. एलपीची १८ मायक्रॉनची सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी घासते आणि नुसती खरखर देते.

भोंग्याचा चावीवाला ग्रामोफोन शोभेला छान, पण त्याच्या साउंडबॉक्सचा भार शंभर ग्रॅमच्या वर असतो. त्यावर एलपी एकदा वाजवली की संपली. त्यावर ७८ वाजवायची तर दर बाजूला नवी पोलादी सुई. तीन-साडेतीन मिनिटांत ती झिजते.

वेग. पन्नास हर्ट्झच्या विजेवर एलपीच्या ३३⅓ फेऱ्यांसाठी १८० रेघांची आणि ७८साठी ७७ रेघांची स्ट्रोब चकती छापून घ्या. रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. एलईडीच्या उजेडात बहुधा दिसत नाही, जुन्या चोकची ट्यूबलाइट शोधा.

माझं मत विचारलंच आहे तर: ख्यालगायकी आवडत असेल तर आधी ७८ वाजत्या करा, एलपी नंतर. एलपीच्या बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळतात आणि गायक ऐसपैस बसतो, मान्य. पण साडेतीन मिनिटांत आलाप, बंदिश, तान सगळं बसवताना राग कसा पिळून काढला आहे ते ७८वरच कळतं.

पळसपापडी
आवडीपुरतं ठीक आहे दादा, पण "आधी काय" याचं उत्तर हे नाही. गाजलेल्या गायकांच्या ७८ आणि एलपी जगात आणखी शेकडो जणांकडे आहेत, चांगल्या अवस्थेत. तुमच्या सत्तर कॅसेटींतल्या काही फक्त तुमच्याकडेच असतील. क्रम असा लावा:

घरी टेप केलेलं सगळ्यात आधी. माणसांचे आवाज, घरचं भजन, रेडिओवरून उतरवलेलं.

मग स्थानिक कंपन्यांनी थोड्या प्रती काढलेल्या कॅसेटी: भीमगीतं, दंडार आणि खडी गंमत (विदर्भातली लोकनाट्यं), झाडीपट्टीतल्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकांची गाणी. वडसा-देसाईगंजच्या नाटकमंडळ्यांचं जे काही टेपवर आहे ते दुसरीकडे मिळेल अशी आशा धरू नका. माझ्या लेखी या कॅसेटी तुमच्या चाळीस एलपींपेक्षा मोलाच्या. रेकॉर्डिंग भरड असेल, ढोलकी माइकवर चढलेली असेल, गाणारीचा आवाज मागून येत असेल. हे गाणं साऊंडप्रूफ खोलीसाठी नव्हतंच.

सिनेमाच्या गाण्यांच्या कॅसेटी शेवटी. मूळ टेपवरून केलेल्या चांगल्या आवृत्त्या मिळतात, त्यासाठी तास घालवू नका.

तास म्हणजे खरेच तास. कॅसेट ज्या वेगानं वाजते त्याच वेगानं संगणकावर उतरते. साठ मिनिटांच्या सत्तर म्हणजे सत्तर तास, रोज एक केली तरी सव्वादोन महिन्यांच्या वर. क्रम चुकला तर पहिल्या आठवड्यात सिनेमाची गाणी उतरतात आणि मग उत्साह संपतो.

व्हीसीडी तर एका रविवारी होतात. आतल्या .डॅट फाइली संगणकावर ओढून घ्या. चित्र ३५२ बाय २८८ बिंदूंचंच आहे, मोठ्या टीव्हीवर सुंदर दिसायची अपेक्षा नको. घरी बर्न केलेल्या चकत्या आधी घ्या, छापील नंतर. बर्न केलेल्यांचा रंगद्रव्याचा थर उजेडानं आणि उन्हानं लवकर जातो.

रिवाइंड
पळसपापडीताईंच्या क्रमाला अनुमोदन. आता कॅसेट उतरवायची कशी.

प्लेमध्ये टाकण्याआधी खिडकीतून टेपच्या गुंडाळीची कड बघा. तपकिरी, गुळगुळीत असेल तर ठीक. पांढरी पिठासारखी बुरशी असेल तर ती कॅसेट वेगळी, आणि तोंडाला मास्क. ती तशीच वाजवली तर हेडवरून (टेप वाचणाऱ्या भागावरून) पुढच्या प्रत्येक कॅसेटीला लागते.

मग फेल्ट बघा. टेपच्या मागे पितळी पट्टीवर चौकोनी गादी असते, ती आपल्या उन्हात गोंद सुटून गळते. गादी नसली की उंच सूर गायब होतात, आवाज आत-बाहेर होतो, आणि लोक हेड खराब म्हणतात. पाच स्क्रूची कॅसेट असेल तर उघडून एखाद्या भंगार कॅसेटीची गादी पट्टीसकट घाला. चिकटवलेली बंद कॅसेट असेल तर आतली दोन्ही चाकं स्क्रूवाल्या रिकाम्या डबीत हलवायची.

डबीच्या वरच्या दोन खुणा (नोंदीचे टॅब) मोडून टाका, म्हणजे चुकून पुसलं जाणार नाही. एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे, मग प्ले. वर्षानुवर्षं चिकटलेले वेढे सुटतात. नव्वद मिनिटांच्या कॅसेटीची टेप साठवालीपेक्षा पातळ, १२ मायक्रॉनच्या आसपास. एकशेवीसची तर ९. तिला फास्ट-फॉरवर्डचा झटका देऊ नका, प्लेवरच शेवटापर्यंत जाऊ द्या.

दर चार-पाच कॅसेटींनंतर हेड, कॅपस्टनचा (टेप पुढे ओढणारा) दांडा आणि रबरी रोलर पुसायचा. हेड आणि दांड्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्केवालं. रबराला साबणाचं पाणी पुरे. कापसाच्या काडीवर तपकिरी रंग यायचा थांबला की झालं.

अझिमथ, म्हणजे टेपशी हेडचा कोन, कोणी सांगत नाही. हेडच्या बाजूला स्प्रिंगवाला बारीक स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवा, दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनो ऐका, स्क्रू पाव-पाव फेऱ्यानं फिरवा. झांज आणि "स", "श" सगळ्यात लख्ख ऐकू येतील तिथं थांबा. घरी टेप केलेल्या कॅसेटी ज्या मशीनवर केल्या तिच्या हेडच्या तिरपेपणासकट असतात, म्हणून प्रत्येकीला हे पुन्हा करायचं.

लॅपटॉपच्या माइकच्या भोकात तार घालू नका, ते बहुधा मोनो असतं आणि आवाज फाटतो. लाइन-इन असलेलं यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलपर्यंत. असा एक तास एक जीबीच्या थोडा वर जातो, फ्लॅकमध्ये (आवाज न बिघडवता आवळणाऱ्या फाइलीत) साधारण निम्मा होतो. खरखर काढायची असेल तर प्रतीवर काढा, मूळ फाइल तशीच राहू द्या. जास्त घासली की तंबोरा पाण्याखाली वाजल्यासारखा होतो.

कूलरपीडित
एक शंका. काही कॅसेटी किंचित खाली वाजतात, पट्टी उतरल्यासारखी. टेप सैल झाली का?

रिवाइंड
टेप नाही, प्लेअरचा पट्टा. उन्हाळ्यात रबर ढिलं पडतं आणि अगदी जुनं असेल तर डांबरासारखं वितळतं. वेग सहा टक्के कमी झाला की अर्धा स्वर खाली येतो: काळी चारचं गाणं पांढरी पाचमध्ये. पेटी घेऊन बसा, लगेच कळतं. नवा पट्टा जुन्याच्या मापाचा घेऊ नका, तो ताणलेला असतो. जुना टेबलावर मोकळा ठेवून मोजा आणि पाच ते दहा टक्के आखूड घ्या.

पट्टा बदलल्यावरही काही कॅसेटी खाली वाजल्या तर दोष मूळ रेकॉर्डिंगच्या मशीनचा. घरच्या टेपांत विजेची "घूं" बहुतेकदा उतरलेली असते. ऑडॅसिटीच्या स्पेक्ट्रममध्ये (कंपनांच्या आलेखात) ती पन्नास हर्ट्झऐवजी ४८ वर दिसली तर फाइलचा वेग तेवढ्याच प्रमाणात वाढवा, पट्टी जागेवर येईल. तुमच्या स्वतःच्या तारेची घूं मात्र बरोबर पन्नासवर असते, तिच्याशी गल्लत करू नका.

कूलरपीडित
मापक आला. मिठाच्या पिशवीत बारा तासांनी ७९ दाखवतो. म्हणजे चार वजा ना?

खसताटी
हो, चार वजा. पण ही दुरुस्ती ७५च्या आसपास पक्की, मे महिन्यातल्या २०-२५वर चूक वेगळी असू शकते. पावसाळ्यासाठी तेवढं चालतं. आता तो टेबलावर नको, कपाटाच्या आत, पुस्तकांच्या मागच्या बाजूला ठेवा. खोलीत ५५ आणि पुस्तकांमागे ७० असं सहज असतं.

बर्डीकर
अन् पुस्तकाच्या मागं ठेवल्यावर आकडा दिसते कसा बाप्पा?

खसताटी
तारेचा सेन्सर असलेला मिळतो. मीटरभर वायर, टोक आत, पडदा बाहेर.